नान्नजचं माळरान: रेघ मोठी ओढली, माळ मात्र निसटला (एक प्रकरण अभ्यास)

सोलापूरहून बार्शीकडे निघालं की साधारण वीस किलोमीटरवर नान्नज लागतं. द्राक्ष बागायतदारांना हे गाव ‘सोनाका’ जातीमुळे माहीत, तर पक्षीनिरीक्षकांना माळढोक या उघड्या माळावर राहणाऱ्या मोठ्या, दुर्मीळ पक्ष्यामुळे. एकाच शिवाराच्या या दोन ओळखी, आणि पुढचं सगळं प्रकरण या दोन ओळखींच्या ओढाताणीचं आहे.

देशाच्या वन्यजीव धोरणाची चर्चा निघाली की लोक ताडोबा, रणथंबोर अशी नावं घेतात. धोरण तपासून बघायचं तर मला नान्नज जास्त उपयोगी वाटतं. इथे कायदा होता, अधिसूचना होती, वनरक्षक होते, संशोधकही होते. आज मात्र पक्षीगणनेत एखादा माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. हाताशी एवढं सगळं असताना पक्षी का गेला, हे शोधायला गेलं की धोरण नेमकं कुठे उसवलं ते कळतं.

अभयारण्य झालं कसं

सत्तरच्या दशकात दुष्काळानंतर अवर्षणप्रवण भागासाठीच्या सरकारी कार्यक्रमातून इथल्या माळाचे काही तुकडे राखले गेले. हेतू साधा होता: चराई थांबवायची, माती धरून ठेवायची, गवत वाढवायचं. पाऊस इथे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही लहरी. पण राखलेल्या तुकड्यांत कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवतं तरारली आणि तिथे माळढोक वीण करू लागला. पक्ष्यासाठी कुणी काही केलेलं नव्हतं. चाऱ्यासाठी केलेलं काम पक्ष्याला मानवलं.

१९७९ मध्ये राज्य सरकारने माळढोक अभयारण्य जाहीर केलं. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर. आकड्याचा अंदाज यावा म्हणून सांगतो, अख्खा सोलापूर जिल्हा १५ हजार चौरस किलोमीटरच्या आतबाहेर आहे. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा या तालुक्यांतला मुलूख त्यात आला. त्यात गावं होती, बाजारपेठा होत्या, कालवे होते, लाखो लोकांची खाजगी शेतं होती. गवताचे सरकारी तुकडे या अफाट नकाशात विखुरलेले होते. पुढे १९८१ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने माळढोकाचा अभ्यास हाती घेतला. डॉ. असद रहमानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नान्नजला तळ ठोकून केलेलं काम आजही या विषयातला पाया मानलं जातं.

एवढी मोठी रेघ ओढण्यामागे काहीच विचार नव्हता असं म्हणणं अन्यायाचं होईल. माळढोक एका कुरणात बसून राहणारा पक्षी नाही. पावसाळ्यात गवतात वीण, मग ज्वारी-भुईमुगाच्या रानांत किडे, टोळ, दाणे टिपत भटकंती. त्याला मोठा, उघडा, मोकळा मुलूख लागतो. तेव्हा हेतू बरोबर होता. चूक झाली हत्यार निवडण्यात.

हत्यार चुकीचं

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधलं अभयारण्य हे मुळात सरकारी जंगल डोळ्यांसमोर ठेवून घडवलेलं हत्यार आहे. आत कुणाचे कोणते हक्क आहेत ते जिल्हाधिकाऱ्याने तपासायचे, मान्य करायचे किंवा मोबदला देऊन संपादित करायचे, असा त्याचा क्रम. १९९१ च्या दुरुस्तीनंतर आधी कलम १८ खाली इरादा आणि हक्कांचा निकाल लागल्यावर कलम २६-अ खाली अंतिम अधिसूचना, अशी रीत पडली. नंतर कलम २५-अ आलं. त्यात हे काम शक्यतो दोन वर्षांत उरका असं म्हटलंय. १९९७ मध्ये तर सुप्रीम कोर्टाने रखडलेली हक्कनिश्चिती वर्षभरात संपवा असा आदेश राज्यांना दिला होता.

आता हे सगळं माढा-मोहोळच्या सातबाऱ्यांना लावून बघा. हजारो गट नंबर, प्रत्येकावर चार-सहा खातेदार, वारसनोंदी अर्धवट, वाटण्या तोंडी. कोणता जिल्हाधिकारी हे दोन वर्षांत उरकणार? म्हणून मामला लोंबकळत राहिला, आणि लोंबकळणाऱ्या अधिसूचनेचे चटके शेतकऱ्याला बसतात. जमिनीची खरेदी-विक्री, बिनशेती, रस्ता, कारखाना, प्रत्येक कामात ‘अभयारण्य’ हा शब्द आडवा यायचा. मुलीच्या लग्नाला दोन एकर विकायला निघालेल्या माणसाला ‘वन खात्याचा दाखला आणा’ म्हटलं की त्याच्या मनात माळढोकाविषयी काय भावना तयार होत असेल, हे सांगायला तज्ज्ञ नको. सोलापूरजवळच्या बोरामणीचं नियोजित विमानतळ वनजमिनीवरून अडलं तेव्हाही गावगप्पांत दोष माळढोकाच्याच माथी आला.

उलट बाजूने पाहिलं तर या निर्बंधांनी पक्ष्याला फारसं काही मिळालं नाही. माळ नांगरून उसाखाली आणायला अभयारण्याने कधी हात धरला नाही. बोअर घ्यायला, ठिबक टाकायला, बाग लावायलाही नाही. म्हणजे जे व्यवहार पक्ष्याला निरुपद्रवी होते ते अडले, आणि ज्यांनी त्याचं घर मोडलं ते सुरळीत चालू राहिले. या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा धडा इथेच आहे.

मध्य प्रदेशातल्या करेऱ्याची कथा जवळजवळ हीच. तिथेही माळढोकासाठी अभयारण्य झालं, तेही खाजगी शेतजमिनींवर. व्यवहार अडले, गावं चिडली आणि नव्वदच्या दशकात पक्षी दिसेनासे झाले. एकाच घडणीचं अपयश दोन राज्यांत आलं की दोष अंमलबजावणीचा कमी आणि मुळातल्या धोरणाचा जास्त मानावा लागतो.

रेघ पुसली, मग काय?

नोव्हेंबर २००० मध्ये सुप्रीम कोर्टाने अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानं कोर्टाच्या परवानगीशिवाय वगळू नयेत असा आदेश दिला. त्यामुळे माळढोक अभयारण्याचं क्षेत्र कमी करायची मागणी राज्यातल्या राज्यात सुटण्यासारखी उरली नाही. समिती, राष्ट्रीय पातळीवरची मंजुरी, कोर्ट असा लांबचा वळसा घालून अखेर २०१२ च्या सुमारास क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. मूळच्या जवळपास सातव्या हिश्श्यावर.

कपात झाली याचं मला वाईट वाटत नाही. ती व्हायलाच हवी होती. खटकतं ते पुढचं. सात हजारांहून जास्त चौरस किलोमीटर जमीन अभयारण्यातून बाहेर पडली त्या दिवशी तिच्यासाठी दुसरी कुठलीच योजना तयार नव्हती. आदल्या दिवशी कागदावर सगळं बंद होतं, दुसऱ्या दिवशी सगळं मोकळं. मधली पायरी नाही. कायद्यात ती अजिबातच नाही असंही नाही: २००२ च्या दुरुस्तीने कलम ३६-अ खाली संवर्धन राखीव क्षेत्र आणि ३६-क खाली सामुदायिक राखीव क्षेत्र आणलं. पहिलं सरकारी मालकीच्या जमिनीसाठी, दुसरं खाजगी किंवा सामूहिक जमिनीवर लोक स्वखुशीने तयार असतील तर. नान्नजच्या भोवतालच्या कोरडवाहू शेतीला हे दुसरं कलम बेतून शिवल्यासारखं वाटतं, ते वाचेपर्यंत.

वाचलं की कळतं, क्षेत्र एकदा जाहीर झालं की जमिनीचा वापर बदलायला व्यवस्थापन समितीचा ठराव आणि त्यावर राज्य सरकारची मंजुरी लागते. बदल्यात शेतकऱ्याला काय? पैशाची एकही ओळ त्या कलमात नाही. मुदतही नाही, पाच वर्षांनी बाहेर पडायचं दार नाही. ज्या शेतकऱ्याने तीस वर्षं अभयारण्याचा जाच काढला, त्याच्यासमोर हा कागद ठेवून सही मागायला कुणी जावं?

नोंदीत गवत कुठे आहे

आता हक्काच्या, सरकारी गवताकडे येऊ. निदान ते तरी सुरक्षित असायला हवं.

तलाठ्याच्या दप्तरात मुरमाड माळाची नोंद होते ‘पोटखराब’ म्हणून, म्हणजे पिकाखाली न येणारी जमीन. २०१८ मध्ये राज्याने नियम बदलून अशी पोटखराब वर्ग ‘अ’ची जमीन शेतकऱ्याने लागवडीखाली आणली तर ती लागवडयोग्य म्हणून नोंदवून आकारणी करायची सोय केली. शेतकऱ्याच्या बाजूने हा चांगला निर्णय होता; त्याला तेवढ्या क्षेत्रावर कर्ज, विमा मिळू लागला. पण माळ मोडण्याला बक्षीस आणि माळ राखण्याला शून्य, हे गणित त्याच निर्णयाने पक्कं झालं.

दिल्लीच्या पातळीवर गेलं तरी चित्र तेच. केंद्राच्या भूसंसाधन विभागाने आणि राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने काढलेल्या पडीक जमिनींच्या ॲटलासच्या २०१९ च्या आवृत्तीत देशाची १६.९६ टक्के जमीन पडीक धरली आहे. त्यात खुरट्या झुडपांचा, विरळ गवताचा मुलूख मोठा. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालात झाडांची सावली १० टक्क्यांहून कमी असलेली वनजमीन ‘झुडपी’ म्हणून बाजूला पडते, वनाच्छादनात मोजली जात नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाचं लक्ष्य आहे एक तृतीयांश भूभागावर झाडं. तेव्हा ज्या वनाधिकाऱ्याच्या ताब्यात नान्नजसारखा माळ आहे, त्याने माळ जसाच्या तसा उत्तम राखला तर त्याच्या अहवालात दाखवायला काहीच नसतं. झाडं लावली तर आकडा येतो.

आणि झाडं लावली गेली. नान्नजच्या राखीव तुकड्यांतही गिरिपुष्पासारखी परकी झाडं एकेकाळी लावलेली होती. मोकळ्यावर राहणाऱ्या, दुरून धोका हेरून सटकणाऱ्या पक्ष्याला ती अडचणच. कर्नाटकातल्या राणेबेन्नूरला निलगिरीच्या लागवडीने माळढोकाचा माळ असाच गेला. २०१९ मध्ये आपल्या राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली तेव्हा प्रत्येक खात्याला लक्ष्य होतं, आणि मोकळी जागा म्हटली की बोट माळाकडेच जातं. २०१६ च्या भरपाई वनीकरण निधी कायद्याचा पैसाही बहुतांशी झाडांच्याच हिशेबाने खर्च होतो. एखाद्या धरणात किंवा खाणीत जंगल गेलं, त्याची भरपाई म्हणून सोलापूरच्या माळावर खड्डे खणले, तर एका नुकसानीची भरपाई दुसऱ्या नुकसानीने झाली. कागदावर मात्र दोन्हीकडे हिरवं.

२००६ मध्ये नियोजन आयोगाच्या गवताळ प्रदेश व वाळवंटांवरच्या कार्यदलाने या दुर्लक्षाकडे बोट दाखवून राष्ट्रीय चराई धोरणाची गरज मांडली होती. गवत हा वन खात्याच्या दृष्टीने कमी प्रतीचा विषय, कृषी खात्याच्या दृष्टीने वन खात्याचा, आणि पशुसंवर्धन खात्याकडे जमीन नाही. कार्यदलाच्या शिफारशी अशा तीन टेबलांच्या मधल्या फटीत पडल्या.

ज्वारीचा हिशेब

सरकारी माळ दुरुस्त केला तरी अर्धंच काम होतं, कारण पक्षी पोट भरतो शेतात. म्हणून शेतकऱ्याचा हिशेब समजून घेतल्याशिवाय या प्रकरणाला अर्थ नाही.

२०२४-२५ च्या हंगामात मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,४२१ रुपये होता. कोरडवाहू रानात एकरी पाच-सहा क्विंटल आली तरी बरी म्हणायची. म्हणजे वीस हजारांच्या आसपास, वर कडबा. त्याच हंगामात उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने कायद्याने द्यायचा किमान दर, होती क्विंटलला ३४० रुपये, टनाला ३,४०० (१०.२५ टक्के साखर उताऱ्याला, तोडणी-वाहतूक त्यातूनच वजा). एकरी चाळीस टन निघाला तर लाखाच्या वर. ऊस वर्ष-दीड वर्ष घेतो, खर्च जास्त, बिलं थकतात, हे सगळं खरं. तरी उसाच्या मागे एफआरपीचा कायदा आहे, दारात कारखान्याची गाडी येते, आणि सोलापूर जिल्ह्यात कारखान्यांना तोटा नाही. ज्वारीचा हमीभाव जाहीर होतो. काटा लावून घेणारं केंद्र गावाजवळ असेलच असं नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याने पेऱ्याचं क्षेत्र धरून ठेवता आलं नाही.

१९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने या जिल्ह्याचं नशीब बदललं, यात वाद नाही. त्या पाण्याने ज्वारी, तूर, करडई, भुईमूग यांचं मिश्र रान मागे हटवलं आणि उसाची भिंत उभी केली. माणसाच्या उंचीच्या वर गेलेल्या पिकात माळढोकाला काही करता येत नाही. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते आणि जवळपास चार आठवडे त्यावर बसते. काड्यांचं घरटंही नाही. त्या चार आठवड्यांत एक ट्रॅक्टर, मोकाट कुत्र्यांचं एक टोळकं किंवा वाट चुकलेला मेंढ्यांचा एक कळप पुरे होतो, की त्या मादीचं ते वर्ष गेलं. इतक्या सावकाश वाढणाऱ्या जिवाला सगळ्या बाजूंनी थोडं थोडं कमी होणारं रान झेपत नाही.

जोडीला वीजवाहिन्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचं त्याला नीट दिसत नाही. जड शरीरामुळे ऐन वेळी वळताही येत नाही. वन्यजीवतज्ज्ञ एम. के. रणजितसिंह यांच्या याचिकेवर एप्रिल २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने वाहिन्या जमिनीखाली घ्यायला सांगितलं, मार्च २०२४ मध्ये सौरऊर्जेची निकड लक्षात घेऊन तो आदेश सौम्य केला आणि तज्ज्ञ समिती नेमली. दोन्ही वेळा रोख राजस्थान आणि गुजरातवर होता, आणि तो असणं साहजिकच. उरलेले बहुतेक पक्षी तिकडेच आहेत. पण त्यामुळे महाराष्ट्रातल्या उरल्यासुरल्या माळावरून वाहिनी कुठून न्यायची, सौर प्रकल्प कुठे बसवायचा, याला आजही नियमांचा ठोस नकाशा नाही. आणि सौर प्रकल्पाला जागा शोधणारा माणूससुद्धा पहिल्यांदा पडीक जमिनींचीच यादी उघडतो.

बदल कुठून सुरू करावा

माझ्या मते पहिला घाव पडीक जमिनींच्या वर्गीकरणावर घालायला हवा. नैसर्गिक गवताळ प्रदेश आणि झुडपी माळ यांचा स्वतंत्र वर्ग करायचा, तो भरपाई वनीकरण, लागवड मोहिमा आणि २०२३ मध्ये सुरू झालेल्या, झाडं लावून श्रेयांक मिळवायच्या ग्रीन क्रेडिट योजनेच्या जागांमधून वगळायचा. याला संसदेत जावं लागत नाही. डिसेंबर २०२२ च्या कुनमिंग-माँट्रियल या जागतिक जैवविविधता करारात २०३० पर्यंत ३० टक्के भूभाग राखायचं लक्ष्य ठरलं आणि त्याला धरून भारताने २०२४ मध्ये जैवविविधता कृती आराखडा सुधारला. ते लक्ष्य फक्त डोंगर आणि जंगलांवर भरायचं ठरवलं तर दख्खनचा माळ पुन्हा हिशेबाबाहेर राहील.

दुसरं, कलम ३६-क ला पैसा आणि मुदत जोडायची. पाच वर्षांचा करार, एकरी ठरलेली रक्कम, आणि अटी मोजक्या: ज्वारी, तूर किंवा करडईचं रान, नवा बोअर नाही, वीणीच्या दिवसांत ठरलेले पट्टे मोकळे. करार संपला की शेतकरी मोकळा. रक्कम उसाच्या बरोबरीची असायची गरज नाही. पाणी नसलेल्या, आजही ज्वारीच पेरणाऱ्या माणसापासून सुरुवात करायची, त्याला ती पुरेल. पैसा भरपाई वनीकरण निधीतून यावा, कारण गवत राखणं हीसुद्धा भरपाई आहे हे मान्य केल्याशिवाय पहिल्या बदलाला दात येत नाहीत.

चराईबद्दल वन खात्याशी माझा जुना मतभेद आहे. पूर्ण बंदी घातलेल्या तुकड्यांत काही वर्षांनी गवत जाड, वाळकं होतं, झुडपं घुसतात. माळ चरलेलाच बरा, फक्त कुणी, कधी आणि किती हे ठरलेलं हवं. धनगरांना पावसाळ्यानंतर पाळीपाळीने चराईचे परवाने दिले तर खात्याला राखण मिळते आणि मेंढपाळाला हक्काचा चारा. आज त्याला दंडाच्या पावतीखेरीज खात्याकडून काही मिळत नाही.

यावर नेहमी एक प्रश्न येतो: माळढोकच उरला नाही, मग हा खटाटोप कशाला? नान्नजच्या माळावर सकाळी उन्हं वर यायच्या आत गेलात तर काळविटांचे कळप दिसतात. लांडगा आणि खोकड इथले जुने रहिवासी. लांडग्यांवर इथे झालेलं संशोधन देशात गाजलं. धाविक, चंडोल असे माळावरचे पक्षी आहेतच, आणि हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी गवताच्या अगदी जवळून तरंगत जातात. या सगळ्यांना तोच माळ लागतो. शिवाय राजस्थानात २०१९ पासून माळढोकाची पिल्लं बंदिस्त प्रजननातून वाढवली जात आहेत. उद्या महाराष्ट्राने त्यातले काही पक्षी मागितले तर पहिला प्रश्न विचारला जाईल, सोडणार कुठे? आजच्या घडीला त्याचं प्रामाणिक उत्तर देता येईल असा सलग माळ आपल्याकडे दाखवायला नाही.

काळविटांचा दुसरा पैलूही सांगायला हवा. ते रात्री रानात शिरतात, पेरलेलं कोवळं पीक खातात. नुकसानभरपाई मिळते, पण पंचनामा, अर्ज, खात्यावर रक्कम या वाटेत हंगाम निघून जातो. कराराची रक्कम पेरणीआधी हातात पडली तर हा राग बराचसा निवळेल. म्हणून योजना आखताना रकमेइतकाच तिच्या तारखेवर काथ्याकूट व्हायला हवा: पैसे मृगाच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात.

करार करायचा कुणी, हा शेवटचा आणि सगळ्यात चिवट प्रश्न. वन खात्यावर इथे विश्वास नाही आणि तो लगेच बसणारही नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ खाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. कागदावर बहुतेक ठिकाणी आहेच, लोकजैवविविधता नोंदवह्याही भरलेल्या आहेत. सही या समितीची, पैसा केंद्राचा, मोजणी तलाठी आणि वनरक्षकाने मिळून केलेली, अशी रचना नान्नज, मार्डी, अकोलेकाटी, कारंबा या पट्ट्यात आधी करून बघता येईल. चार गावांचा प्रयोग फसला तरी नुकसान थोडं. १९७९ सारखं सात तालुक्यांना एकदम कवेत घेण्यापेक्षा ते परवडेल.